एकच झाड धर

सातारा

प्रिय बाई,

(या हाकेची तुला अजून सवय झाली नसेल. होईल. पहिलीची पोरं शिंक आली तरी 'बाई' म्हणून सांगायला येतात.)

तुझा मेसेज दोनदा वाचला. जूनअखेर पानांचा आठवडा, मग फुलांचा, मग पक्ष्यांचा, मग फुलपाखरांचा. पानांना रंग लावून ठसे काढलेस, फोटो ग्रुपवर टाकलेस, सगळ्यांनी अंगठे दिले. आणि परवा एका बापानं विचारलं, "पाचोळाच वेचायचा तर शाळेत कशाला, शेरडांमागं धाडतो की." तुला उत्तर सुचलं नाही. म्हणून आता विचारतेस की परत वर्कशीट सुरू करू का? आणि त्याच दमात, सप्टेंबरात कासला सहल न्यायची तर परवानगी कुणाकडे मागायची?

कासला नेऊ नकोस. पश्चिम घाटाबरोबर ते पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, ते जपायलाच हवं. पण सहा वर्षांच्या मुलाला तिथे काय मिळणार? गाडीत उलटी, माणसांची गर्दी आणि दर पावलाला तुझं "हात लावू नको". टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. म्हणजे पहिलीत पाहिलेला बहर त्यानं पुन्हा पाहायचा तो आठवीत!

तू पाठवलेल्या फोटोत झेंड्याच्या ओट्यामागे एक करंज दिसतोय. तो धर. एकच झाड, वर्षभर. आठवड्याला नवा विषय नको, सहल नको, ठसे तर नकोतच. तू निसर्ग आणलास खरा, पण पुस्तकातलं प्रकरण होतं तसंच ठेवून वर पान चिकटवलंस. त्या बापाला तेच दिसलं. माणूस अडाणी असेल, आंधळा नाही.

आता करंजाची एक डहाळी हातात घे. आपण ज्याला एक पान म्हणतो त्यात देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या असतात आणि टोकाला एक पान एकटं. पोरांना जोड्या लावायला सांग. दोन जोड्या आणि एक, पाच. तीन जोड्या आणि एक, सात. कुणीही कुठलंही धड पान आणलं तरी एक उरतोच. का उरतो, हे तू सांगायचं नाही. माझ्या वर्गात पोरं यावर भांडत. एखादा सहावालं पान घेऊन विजयी मुद्रेनं यायचा, मग दुसरा देठावरची गळालेल्या पानाची खूण शोधून दाखवायचा. सम-विषम हे शब्द त्यांना पुढे भेटतील, तेव्हा ते ओळखीचे निघतील. बेल आणून तीन शिकवता येतात, जास्वंद आणून पाच, हे मलाही ठाऊक आहे. पण मग ते अंकांचं प्रदर्शन होतं. झाड एकच धर.

सावलीचंही तसंच. आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीआधी, एका पोराला त्याच जागी उभं करायचं आणि सावलीच्या टोकाला दगड ठेवायचा. जूनमध्ये ऊन पडलंच तर सावली पायाशी घुटमळते. डिसेंबरात भरदुपारीसुद्धा ती जवळजवळ पोराच्या उंचीइतकी उत्तरेला पसरते. दगडांची रांग सरकताना बघून पोरं विचारतील. विचारू देत. अक्षांश तुझ्यासाठी आहेत, त्यांच्यासाठी दगड.

भाषेचं मात्र तुला नीट ऐकावं लागेल, कारण तिथेच तू घाबरतेस. झाडाखाली बसून पोरं जे बोलतील ते फळ्यावर लिही. "पान पडलं." "पानाला फोड आलाय." (करंजाच्या पानांवर कोळ्याच्या जातीचा एक डोळ्याला न दिसणारा जीव गाठी उठवतो. वर्षभर पुरेल एवढा धडा त्या गाठींत आहे.) "मुंगी वर गेली." ज्याचं वाक्य त्याचं नाव पुढे. दुसऱ्या दिवशी तेच वाचायचं. आपण बोललो ते फळ्यावर उमटलं आणि आज पुन्हा वाचता आलं, हे एकदा पोराच्या ध्यानात आलं की बाराखडी तो स्वतः मागतो. "पिवळं हाय" म्हणाला तर "हाय" लिही. प्रलय होत नाही. प्रमाण रूप दिवाळीनंतर शेजारी लिहिता येतं.

तुला वाटेल, रोज तेच झाड, पोरं कंटाळतील. कंटाळतो तो मोठा माणूस. माघ-फाल्गुनात पानं झडतात, मग तुकतुकीत कोवळी पालवी येते, चैत्रात निळसर-गुलाबी छटेच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, चपट्या शेंगेत बहुधा एकच बी निघते. ती जूनमध्ये डब्यात रुजवली की पुढच्या पहिलीला दाखवायला या पोरांकडे काहीतरी असतं. गोडं तेल आणि करंजेल यांत फरक काय, हे सांगायला एखादी आजी वर्गात बोलाव. तो परिसर अभ्यास आणि तोच इतिहासही.

यातलं माझं डोकं काही नाही. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शंख, खडे, पानं, बिया आणल्या. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर कुरणशाळा चालवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. त्या बापाला हे सांग. शेरडांमागंही शाळा भरते, फक्त तिथं बाई लागते. आणि केंद्रप्रमुख निपुणचं (लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं) विचारतील तर सांग की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरलाय आणि 'विद्याप्रवेश' या पहिलीच्या तयारीच्या कार्यक्रमाचे पहिले तीन महिने खेळातूनच जायचे आहेत. आपण नियमाबाहेर काही करत नाही.

मीही नव्हते करत. तरी शेरेबुकात "वर्गखोली रिकामी आढळली" असा शेरा पडला. वर्ग चाळीस पावलांवर झाडाखाली होता, साहेब तिथवर आले नाहीत. गावात पट उतरला तेव्हा काहींनी बोट माझ्याकडे दाखवलं, बाई शिकवत नाहीत म्हणून. पट उतरला तो इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फाट्यावर यायला लागली म्हणून, हे सगळ्यांना माहीत होतं. माझी पोरं दुसरीत गेली तेव्हा वाचत होती. हे तुला कशाला सांगतेय? सांगायचं होतं, एवढंच. खंत आहे ती झाडाची. माझ्या बदलीनंतर संरक्षक भिंत बांधताना ते तोडलं आणि एकानंही हरकत घेतली नाही.

म्हणून तुझ्या करंजाची नोंद आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घाल. घेर मोज, पोरांच्या वितींनी आणि टेपनं, दोन्ही आकडे लिही, आई-बापांच्या सह्या घे. हे काम याच महिन्यात.

तू म्हणशील, बाईंचं एकच तुणतुणं. आहेच. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि म्हसवडकडे पाचशेच्या आत-बाहेर. एक पुस्तक दोन्हीकडच्या पोरांना एकच चित्र दाखवणार. तिकडच्या बाईनं बाभूळ धरावी, तू करंज धर. पण एकच.

आणि पावसात तुमच्या खोऱ्यात जनावर (साप) निघतं. पोरांना बसवण्याआधी बुंध्याभोवतीचा पाचोळा लांब काठीनं रोज तूच हलव, पोरांना हात घालू देऊ नकोस. करंजाच्या बिया कुणी तोंडात घालणार नाही हे बघ, विषारी असतात.

तुझी
बाई