डिस्क रिकामी, तरी म्हणे जागा नाही

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. पेटीचं वजन झालं की सर्व्हरवर तिच्या तीन-चार फायली बनतात, जेमतेम दोन केबीच्या. लिनक्स आहे, फाईलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) ईएक्सटी४, १०० जीबीची डिस्क, चार सीझनचा डेटा. आता ऐन तोडणीत सर्व्हर म्हणतोय जागा शिल्लक नाही, आणि बघावं तर पाऊण डिस्क रिकामी! डिस्क गेली का? नवीन घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डिस्कला काही झालेलं नाही, पैसे घालू नका. संपलेत ते आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलची माहिती आणि ती डिस्कवर कुठे आहे हे लिहून ठेवायच्या नोंदी. फाईल दोन केबीची असो की दोन जीबीची, तिला एक आयनोड लागतोच, आणि ईएक्सटी४मध्ये ते किती असणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं, नेहमीच्या सेटिंगला १६ केबीमागे एक, म्हणजे तुमच्याकडे ६५ लाखांच्या आसपास. आता दोन केबीची फाईलही चार केबीचा अख्खा ब्लॉक (जागेचा सगळ्यात छोटा तुकडा) अडवते, तर ६५ लाख फायलींचे झाले साधारण २५ जीबी, बाकी सगळं मोकळं पण वापरता येत नाही. डीएफ कमांडला मायनस आय लावून बघा, आयनोड १०० टक्के दिसतील.

माल थांबलाय म्हणून आधी हे करा, मागच्या तीन सीझनच्या फायली टार करून, म्हणजे एकत्र बांधून, सीझनमागे एक फाईल बनवा, दुसऱ्या डिस्कवर, ती उघडून नीट तपासा आणि मगच इथलं डिलीट करा. घाई करू नका, निर्यातीच्या मालाची कधी चौकशी आली तर ह्याच नोंदी लागतात.

सीझन संपला की बॅकअप घेऊन नव्याने फॉरमॅट करा, ह्याला पर्याय नाही, तेवढ्याच डिस्कवर आयनोड नंतर वाढवता येत नाहीत. चार केबीमागे एक आयनोड ठेवलात तर २ कोटी ६२ लाख मिळतील, त्यांचं टेबल सव्वासहा जीबी खाईल, खाऊ दे. मी असतो तर ईएक्सटी४ऐवजी एक्सएफएस ही फाईलसिस्टीम घेतली असती, ती लागतील तसे आयनोड बनवते. फोल्डर तारखेप्रमाणे पाडा, लाखो फायली एकाच ठिकाणी असल्या की साधी यादी काढायलाही ताटकळत बसावं लागतं. डिस्क माउंट करताना (जोडताना) नोएटाईम हा पर्याय लावा, म्हणजे फाईल वाचली की दरवेळी त्याची वेळ नोंदवली जात नाही, डिस्कवरचं तेवढं लिहिणं कमी होतं.

आणि स्पीडसाठी जर्नल (बदल करण्याआधी फाईलसिस्टीम करून ठेवते ती नोंद) बंद करा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि जर्नल नसताना मध्येच लाईट गेली तर फाईलसिस्टीमच बिघडू शकते, मग दुरुस्तीला लाखो फायली तपासत तासन् तास बसावं लागेल आणि तोवर पेट्या काट्यावरच पडून.