पीएसपीवर (सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) जुनं कस्टम फर्मवेअर, म्हणजे हौशी लोकांनी बदललेलं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, मेमरी स्टिकवरूनच (काढता येणाऱ्या कार्डावरून) चालतं का?

चालतं भाऊ, पण मॉडेल पाहा. पीएसपी 1000 असेल किंवा आत जुना सर्किट बोर्ड असलेला 2000, तर टाइम मशीन नावाचा प्रोग्राम स्टिकवर टाकून जुनं फर्मवेअर थेट स्टिकवरून सुरू होते. त्यासाठी पँडोरा बॅटरी लागते, म्हणजे पीएसपीला स्टिकवरून सुरू व्हायला लावणारी, बदल केलेली बॅटरी. 3000 वर हा साधा जुगाड जमत नाही.

यात आतल्या फ्लॅशला, म्हणजे नेहमीचं फर्मवेअर असते त्या मेमरीला, हात लागत नाही. आमच्याकडं दारव्ह्याकडच्या गावात लाइन कवा जाईल नेम नाही. फ्लॅश करताना, म्हणजे त्या मेमरीत नवं फर्मवेअर लिहिताना, मधातच बंद पडलं तर मशीन विटेसारखं निकामी होते. इथं फार तर स्टिक खराब होईल. साधी बॅटरी लावली की आपलं नेहमीचं फर्मवेअर हजर.

एकुलत्या एका बॅटरीची मात्र पँडोरा करू नको. ती बसवली की पीएसपी आपोआपच सुरू होते, लई वैताग येते.