खान्देशातलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर बघायला जाताय तर आधी हे वाचा
भाऊ, घराचा प्लॅन काढायची घाई नको, आधी घरात कोण कुठपर्यंत येतं ते विचार. ओट्यावर कोणीही बसतं, ओसरीत पाव्हणा, पण माजघर न् चूल घरच्यांची, म्हणून मागचं दार बायांना सोयीचं. श्रावणात कानबाई (खान्देशातली देवी) बसते तेव्हा सगळे भाऊबंद एका घरात जमतात, तिच्या नैवेद्याचे रोट कुळातलेच खातात, मग एवढी माणसं मावतील असं माजघर लागणारच ना! वाटण्या झालेल्या घरात मधली भिंत नंतरची आहे का तेपण बघ. धाबं म्हणजे नुसतं मातीचं सपाट छत नाही बरं, उन्हाळ्यात पापड-कुरडया तिथंच वाळतात, रात्री झोपणंही तिथंच. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका कुठे बांधायचे तेवढं आजीबाईंना विचार, पुरुषांना काही सांगता येत नाही.