कारखाना येतोय, पाणी आत्ताच तपासा

प्रश्न: आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला केमिकलचा कारखाना येतोय आणि आम्ही सगळे विहिरी-बोअरचंच पाणी पितो. कंपनीवाले म्हणतात काळजी नको, टीडीएस मीटरने बघत राहा. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, बस. आर्सेनिकची डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, बेंझीन या विषारी रसायनाचीही तेवढीच, आणि मीटर आकडे दाखवतं मिलिग्रॅममध्ये (एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम), म्हणजे पाणी विषारी झालं तरी ते गप्पच राहणार. उकळूनही जड धातू जात नाहीत.

खरं काम कारखाना सुरू व्हायच्या आधीचं आहे. मान्यताप्राप्त लॅबकडून पाणी तपासून घ्या, भरपूर असताना एकदा आणि आटल्यावर एकदा, आणि नमुना लॅबच्या माणसानेच घेतलेला बरा, नाहीतर उद्या हेच कंपनीवाले म्हणतील बाटलीच घाण होती. आधीचा रिपोर्ट नसेल तर नंतर काहीही सापडलं तरी 'हे पूर्वीपासूनच होतं' हे उत्तर तयार असतं (आणि ते खोडणं फार अवघड जातं). कोणकोणती केमिकल वापरणार ती यादी लेखी मागा, कारण लॅब सांगाल तेच शोधते.

शिवाय कारखाना आणि तुमच्या विहिरींच्या मधे निरीक्षण विहिरी (फक्त पाणी तपासत राहण्यासाठी खणलेल्या) हव्यात ही अट परवानगीतच घालून घ्या, कारण जमिनीखालचं पाणी कधीकधी वर्षाला काही मीटरच सरकतं, त्यामुळे गळतीचा पत्ता वर्षानुवर्षं लागत नाही.