वाचक विचारतात : लॅबमध्ये न जाता केमिस्ट्री कशी होते?

प्रश्न : माझी मुलगी केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, विषय फ्री रॅडिकल्स. पण लॅबमध्ये ती कधी दिसतच नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. विचारलं की म्हणते, बाबा हीच माझी लॅब. यातून खरंच काही नवीन सापडतं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : सापडतं हो, आणि रॅडिकल्सच्या बाबतीत तर हा रस्ता फारच कामाचा आहे. रॅडिकल म्हणजे ज्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय राहिलाय असा रेणू. पेशीत तयार झालेला हायड्रॉक्सिल रॅडिकल सेकंदाच्या साधारण अब्जाव्या भागात शेजारच्या कुठल्यातरी रेणूतून हायड्रोजन ओढून घेतो आणि संपतो, त्याला बाटलीत भरून अभ्यासणार कसा? म्हणून मग अणूंच्या जागा कॉम्प्युटरला द्यायच्या, इलेक्ट्रॉनची क्वांटमची समीकरणं जमेल तितकी अचूक सोडवायची, रचना थोडीथोडी बदलत प्रत्येक वेळी ऊर्जा काढायची. ऊर्जा जिथे सगळ्यात कमी तो रेणूचा टिकाऊ आकार, आणि एका आकारातून दुसऱ्यात जाताना मध्ये जी घाटातल्या खिंडीसारखी जागा लागते तिची उंची कळली की रिअ‍ॅक्शन किती वेगाने होईल याचा अंदाज येतो.

हे गणित शक्य करणाऱ्या जॉन पोपल यांना 1998 चं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे काम करून ऑस्ट्रेलियात परतलेले लिओ रॅडम अनेक वर्षं रॅडिकल्सवरही काम करत राहिले, आणि पुढे मिशेल कूट यांनी कॅनबेरात यात फार सुंदर काम केलं. मला स्वतःला 2013 चं काम सगळ्यात आवडतं. कूट आणि गान्ना ग्रिनोव्हा यांच्या हिशोबात असं निघालं की रॅडिकलपासून बऱ्यापैकी लांब असलेल्या अ‍ॅसिड ग्रुपचा प्रोटॉन काढला, म्हणजे तिथे ऋण भार आला, की रॅडिकल एकदम जास्त स्थिर होतो, आणि प्रोटॉन परत दिला की पुन्हा पहिल्यासारखा. पुस्तकी नियमाने एवढ्या लांबच्या भाराचा इतका परिणाम व्हायलाच नको! तेव्हा ऑस्ट्रेलियातल्याच वोलोंगाँग विद्यापीठात असलेले स्टीफन ब्लँक्सबी यांच्या ग्रुपने मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे भार असलेल्या कणांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलं आणि ते खरं निघालं.

कॉम्प्युटर चुकतो का, तर हो. एकटा इलेक्ट्रॉन असला की काही पद्धतींत स्पिनची (इलेक्ट्रॉनच्या एका क्वांटम गुणधर्माची) सरमिसळ होते आणि ऊर्जाच चुकीची येते. बी-थ्री-एल-वाय-पी ही प्रचंड वापरली गेलेली पद्धत, तीसुद्धा रॅडिकल्सच्या ऊर्जेत बऱ्यापैकी घोळ करू शकते, हे रॅडम आणि कूट यांनीच दाखवून दिलं. मुलीला पुढच्या वेळी 'कुठली पद्धत वापरतेस आणि का' असं नक्की विचारा, तिला मनापासून आवडेल.

प्रश्न : फ्री रॅडिकल्समुळे म्हातारपण येतं म्हणतात, मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू कराव्यात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये ती कल्पना मांडली आणि गोळ्यांचा बाजार तिच्यावरच उभा राहिलाय. ई व्हिटॅमिनसारखं अँटिऑक्सिडंट आपला हायड्रोजन रॅडिकलला देतं आणि त्याचा उरलेला रॅडिकल फारसा त्रास देत नाही, इथपर्यंत सगळं बरोबर. पण त्यावरून गोळी खाल्ली की माणूस निरोगी असं अजिबात ठरत नाही. फिनलंडमध्ये 29,133 पुरुष स्मोकर्सवर मोठी चाचणी झाली, 1994 मध्ये निकाल आला, आणि बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त आढळला. शिवाय सगळे रॅडिकल्स शत्रू नसतात, नायट्रिक ऑक्साइड हाही रॅडिकलच आहे आणि आपल्या रक्तवाहिन्या सैल करण्याचं काम तोच करतो. डॉक्टरांनी काही कमतरता आहे म्हणून दिली असेल तरच गोळी घ्या, आवळा-पेरू मात्र खुशाल खा.

प्रश्न : बीएस्सीनंतर हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : लिनिअर अल्जेब्रा आणि क्वांटम मेकॅनिक्स पक्कं कर, थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शीक. साय-फोर (Psi4) हे अशा गणितांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, त्यात मिथाइल रॅडिकल करून बघ, तो सपाट येतो की नाही ते तपास. पुढे पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) दोन्हीकडे या विषयात काम चालतं.