कोकणातल्या घरात बीगल पाळावा का?

आपण लिहिले आहे की, मुंबई सोडून आपण रत्नागिरीजवळच्या गावी राहायला आला आहात, घरात सात वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, घराभोवती मोठे आवार आहे आणि मुलगी बीगल जातीच्या कुत्र्यासाठी हटून बसली आहे. देवगडजवळच्या आमच्या वाडीत गेली नऊ वर्षे आम्ही बीगल सांभाळत आहोत. त्याचे नाव खंड्या. मुलांसोबत राहायला ही जात खरोखरच चांगली आहे, त्यामुळे स्वभावाची चिंता मनातून काढून टाका. मात्र त्याच्या नाकाला रोज कोणते काम देणार आणि दिवसभर त्याच्याजवळ कोण थांबणार, या दोन गोष्टी घरात आधी ठरल्या पाहिजेत.

इंग्लंडमध्ये ही जात सशांच्या शिकारीसाठी तयार झाली. शिकारी पायी चालत आणि बीगलांची टोळी जमिनीला नाक लावून माग काढत पुढे धावे. म्हणूनच उंची 33 ते 40 सेंटिमीटर, वजन साधारण 9 ते 13 किलो, दम मात्र तासन्‌तास पळण्याचा. टोळीत वाढल्यामुळे तो भांडखोर नाही, परक्या माणसावरही सहसा धावून जात नाही. घराची राखण करील या आशेने कोणी बीगल घेणार असेल, तर त्याची निराशाच होईल. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1984 पासून विमानतळावर प्रवाशांचे सामान हुंगायला बीगल नेमले, त्यामागेही हेच कारण होते की, लहान चणीच्या या सौम्य कुत्र्याला पाहून माणसे बिचकत नाहीत. त्या कुत्र्यांना सुरुवातीला जे मोजके वास शिकवतात, त्यांत आंबा आहे, हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. कारण आमच्या माडीवर आढी घातली की पेंढ्याखालचा कोणता आंबा पिकला, हे खंड्याला आमच्याआधी कळते.

या नाकाचा त्रास कोकणात पावसाळ्यात अधिक होतो. कोरड्या, तापलेल्या कातळावर वास फार टिकत नाही, पण ओलसर मातीत आणि गवतात तो धरून राहतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपण कुत्र्याला सर्वांत कमी फिरवू शकतो, त्याच चार महिन्यांत दारातून मुंगूस, ससा, साळिंदर यांचे ताजे वास येत असतात. खंड्या दोन वर्षांचा असताना आषाढात गडग्याखालची, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाखालची, माती उकरून निसटला आणि संध्याकाळी दोन वाड्या ओलांडून एका काजूच्या बागेत सापडला. मी हाक मारत होते, तो वीस हातांवर होता, आणि त्याने मान वर केली नाही. हा उद्धटपणा नव्हे. मागावर असताना मालकाकडे वळून पाहायचे नाही, याच गुणासाठी कित्येक पिढ्या ही जात निवडली गेली आहे. म्हणून आवाराबाहेर पट्टा कधीही सोडू नये आणि तो पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात असावा; वास लागलेला बीगल सात वर्षांच्या मुलीला सहज फरफटत नेईल. दिवसातून दोनदा चालणे हवेच, पण नुसते ओढत नेऊ नका, त्याला थांबून हुंगू द्या. धो-धो पाऊस असेल तेव्हा आम्ही पडवीत जुन्या गोणपाटांच्या घड्यांत खाणे लपवतो आणि त्याला शोधायला लावतो. अर्ध्या तासात तो दमून झोपतो.

पुढे जाणारे नाक धोक्यातही आधी सापडते. आपल्या भागात पालापाचोळ्यात आणि चिऱ्यांच्या फटीत फुरसे असते, आणि हुंगणाऱ्या कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर होतो. सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या पशुवैद्याकडे मिळते, हे कुत्रा आणण्याआधीच विचारून ठेवा. रात्री त्याला घरातच घ्या, कारण बिबट्या अंगणातला कुत्रा उचलतो, हे आपल्याला गावात कोणीही सांगेल. डबक्यांत तोंड घालायची सवय असल्यामुळे रेबीजइतकीच लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) लसही दरवर्षी चुकवू नका. लोंबत्या कानांत दमट हवेने बुरशी धरते. पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी कान उलटून पाहावे, वास येऊ लागला तर घरगुती तेल न घालता डॉक्टरांना दाखवावे. गोचिडी रोज हाताने चाचपाव्या लागतात.

खाण्याच्या बाबतीत या जातीला पोट भरल्याचे कळतच नाही, असे समजून चाला. सासूबाईंना हे आधी नीट सांगा, कारण आमच्याकडे लाडाने भाकरी घालणारे हातच जास्त होते आणि खंड्या चौथ्या वर्षी इतका सुटला की त्याला पायऱ्या चढवेनात. त्याला दोन वेळचे मोजून द्यावे. कांदा घातलेले कालवण, द्राक्षे आणि चॉकलेट अजिबात देऊ नये. वाळत घातलेली सुकट उंचावर ठेवा. सर्वांत वाईट प्रसंग आमच्यावर आंब्याच्या बाठ्याने आणला: तो गिळला, आतड्यात अडकला, आणि शस्त्रक्रियेसाठी रातोरात घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले. तेव्हापासून मे महिन्यात आमच्याकडे बाठे झाकणाच्या बादलीतच जातात.

एकटेपणा त्याला सोसत नाही. एकटा राहिला की तो भुंकत नाही, लांब हेल काढतो, आणि आपल्याकडे कुत्रा रडणे अशुभ मानत असल्याने शेजारी अस्वस्थ होतात. मी चार घरी जाऊन, हा या जातीचा आवाजच आहे, असे समजावून आले. आपण दोघे नोकरीला जात असलात, तरी सासूबाई घरी आहेत, ही मोठी सोय आहे; फक्त पहिली दोन वर्षे तो पायांत घोटाळेल आणि त्या अडखळू शकतात, म्हणून त्यांच्या खोलीला अर्ध्या उंचीचे फाटक करून घ्या. घरात दिवसभर कोणीच नसते, तर मी स्पष्ट नको म्हटले असते.

आपल्या घरासाठी माझे उत्तर होकारार्थी आहे, पण पिल्लू आत्ता पावसाच्या तोंडावर आणू नका. दिवाळीनंतर आणा, म्हणजे लसी वेळेत पूर्ण होतील आणि पहिल्या पावसापर्यंत ते पट्ट्याला सरावलेले असेल. आईजवळ जाऊन पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार बेकायदा आहे. आणि ते येण्याआधी गडग्याच्या तळाशी आतल्या बाजूने हातभर रुंदीची जाळी मातीत पुरून घ्या. आम्ही ती खंड्या पळाल्यानंतर घातली.