गाडीतील एसी आणि म्युझिक सिस्टीम : वाचकांचे प्रश्न

इंजिन, टायर आणि ब्रेक यांच्याविषयी नेहमी पत्रे येतात. या खेपेस मात्र डॅशबोर्डच्या मधल्या पट्टीवरील बटणांविषयी बरीच पत्रे आली. एसी आणि म्युझिक सिस्टीम रोज वापरली जाते, पण बटण दाबल्यावर आत नेमके काय होते हे गाडी ताब्यात घेताना सहसा कुणी समजावून सांगत नाही आणि गाडीसोबत मिळालेले पुस्तक कप्प्यातून बाहेर निघत नाही. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : एसी चालू असताना बाहेरची हवा आत घ्यावी की आतलीच हवा फिरती ठेवावी? आम्ही नेहमी आतलीच हवा फिरवतो, कारण गारवा लवकर येतो. मात्र लांबच्या प्रवासात सर्वांनाच जड वाटू लागते.

गारवा लवकर येतो हे आपले निरीक्षण बरोबर आहे. वळलेल्या बाणाचे चित्र असलेले बटण दाबले की बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद होते आणि एकदा थंड झालेली हवाच पुन्हा कूलिंग कॉइलवरून जाते, त्यामुळे यंत्रणेवरील भार कमी होतो. जड वाटण्याचे कारणही याच झडपेत आहे. शांत बसलेली प्रौढ व्यक्ती तासाला साधारण १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ३,००० लिटर हवा मावते. चार माणसे बसलेली गाडी पूर्णपणे हवाबंद असती, तर अर्ध्या तासात या वायूचे प्रमाण १ टक्क्याच्या पुढे गेले असते; बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्क्याच्या आसपास असते. फटींतून थोडी हवा येत-जात असल्याने प्रत्यक्षात ते इतके वाढत नाही, तरीही बाहेरच्या कित्येक पट होते, आणि त्यातून येणारी सुस्ती चालकाच्या बाबतीत धोकादायक ठरते.

म्हणून आतली हवा फिरवणे ही तात्पुरती सोय समजावी. उन्हातून निघाल्यावर गाडी थंड होईपर्यंत, बोगद्यात, धुरळ्याच्या रस्त्यावर किंवा धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे अडकल्यावर ती वापरावी, आणि एरवी झडप उघडी ठेवावी. गारवा टिकवण्यासाठी ती बंदच ठेवायची असेल, तर दर १५-२० मिनिटांनी काही मिनिटे बाहेरची हवा आत येऊ द्यावी. काही गाड्या ठरावीक वेळाने झडप आपोआप उघडतात, पण आपली गाडी तसे करते का हे पुस्तकात पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

उन्हात तापलेल्या गाडीत बसताच झडप बंद करून एसी सुरू करण्याची सवय मात्र सोडावी. त्या वेळी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते, आणि तीच पुन्हा पुन्हा थंड करत बसण्यात अर्थ नसतो. आधी काचा उतरवून मिनिटभर गाडी चालवावी, म्हणजे ती हवा बाहेर जाते. मग काचा लावून आतली हवा फिरती करावी.

प्रश्न : पावसात समोरची काच आतून धुरकट होते. पुसली तरी पुन्हा तेच. कुणी हीटर लावा म्हणते, कुणी एसी. खरे काय?

दोन्ही, आणि एकाच वेळी. एसी फक्त हवा गार करतो असा समज असल्याने थंडीपावसात तो बंद ठेवला जातो, पण काच स्वच्छ ठेवण्यात त्याच्या थंडाव्यापेक्षा हवा कोरडी करण्याच्या गुणाचा अधिक उपयोग आहे. श्वासातील, ओल्या कपड्यांतील आणि छत्रीतील बाष्प गार काचेवर थेंबांच्या रूपाने जमते. कूलिंग कॉइल शून्य अंशाच्या किंचित वर राखलेली असते. तिच्यावरून हवा गेली की बाष्प काचेऐवजी कॉइलवर जमते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. एसी लावून उभ्या गाडीखाली दिसणारे पाणी ते हेच, त्यात बिघाड काही नाही. अशी कोरडी झालेली हवा तापवून काचेवर सोडली, तर ती काचेवरील ओल झपाट्याने शोषून घेते.

तेव्हा हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा, एसी चालू ठेवावा, तापमान वाढवावे, ब्लोअर मोठा करावा आणि हवा बाहेरचीच घ्यावी. बहुतेक आधुनिक गाड्यांत पंख्यासारख्या आकारातून वर जाणाऱ्या नागमोडी बाणांचे बटण दाबले, की यांतील बरेचसे आपोआप घडते. कडाक्याच्या थंडीत, बाहेरचे तापमान शून्याजवळ आले, की कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) सहसा चालतच नाही. तेव्हा हीटरवर भिस्त ठेवावी लागते.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. कॉइल ओली असताना एसी एकदम बंद केला आणि आतलीच हवा फिरत राहिली, तर कॉइलवरील पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि काच काही क्षणांत पांढरी होते. चालत्या गाडीत हे अचानक घडते, म्हणून पावसात एसी सारखा चालू-बंद करू नये. दुसरे असे की काचेच्या आतल्या बाजूस कालांतराने तेलकट थर बसतो आणि त्यावर बाष्प लवकर धरते; ती बाजू अधूनमधून नीट धुऊन कोरडी करावी, हाताने पुसून तर मुळीच भागवू नये.

काच बाहेरून धुरकट होत असेल, तर उपाय उलटा असतो. बाहेरची हवा दमट आहे आणि आतल्या गार झोतामुळे काच थंड झाली आहे, असा त्याचा अर्थ. वायपर एकदा फिरवून झोत काचेपासून दूर वळवावा आणि तापमान थोडे वाढवावे. मागच्या काचेवर तापणाऱ्या तारा असतात. ती काच पुसताना फडके तारांच्या दिशेने फिरवावे, तारांना छेदून घासू नये.

प्रश्न : तापमान सर्वांत कमी ठेवल्यास गाडी लवकर गार होते का?

हे गाडीवर अवलंबून आहे. साध्या, हाताने फिरवण्याच्या नॉबमध्ये निळ्या टोकाला ठेवल्यास हवा पूर्ण थंड येते; नॉब मधे आणला, तर अनेक गाड्यांत तीच थंड हवा हीटरच्या गरम हवेत मिसळून कोमट केली जाते. त्यामुळे सुरुवातीला निळे टोक आणि मोठा ब्लोअर ठेवणे योग्य. अंशांत तापमान ठरवता येणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत मात्र २४ अंशांची निवड करून ‘ऑटो’ बटण दाबावे आणि बाकी तिच्यावर सोपवावे, कारण गाडी तापलेली असेपर्यंत ती तशीही पूर्ण ताकदीने चालते. ही सोय नवीन नाही. कॅडिलॅक या अमेरिकी कंपनीने १९६४ च्या गाड्यांत ती दिली होती. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर, काचेजवळ, ऊन मोजणारा छोटा गोल सेन्सर असतो, आणि त्याच्यावरच फडके, कागद किंवा मूर्ती ठेवून मग एसी नीट चालत नाही अशी तक्रार करणारे बरेच असतात.

गार हवा जड असल्याने ती खाली उतरते, म्हणून झरोके किंचित वरच्या दिशेने ठेवावेत. गरम हवा पायांकडे सोडावी.

प्रश्न : एसी लावताच पहिली दोन मिनिटे कुबट वास येतो. सुगंधी डबी ठेवली तरी जात नाही.

ती डबी काढून टाका. ओल्या, अंधाऱ्या कॉइलवर बुरशी आणि जिवाणू वाढल्याने हा वास येतो, आणि सुगंधाने तो झाकला जातो, इतकेच. पोहोचण्याच्या काही मिनिटे आधी एसी बंद करून बाहेरची हवा घेत ब्लोअर चालू ठेवला, तर कॉइल बरीच वाळते. काच धुरकट होत नाही ना, एवढे पाहावे. सोबत केबिन फिल्टर तपासावा. तो बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, आणि वर्षाला किंवा १५,००० ते २०,००० किलोमीटरला बदलण्याची शिफारस बहुतेक ठिकाणी आढळते. धुळीच्या रस्त्यांवर त्याहून लवकर. नवा बसवताना कडेवरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने आहे याची खात्री करावी. एवढे करूनही वास राहिला, तर कॉइल साफ करून घ्यावी.

प्रश्न : सर्व्हिसिंगला गेल्यावर दर वर्षी एसीचा गॅस भरावा लागेल असे सांगतात. गरज असते का?

दर वर्षी नसते. एसीचा गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद वर्तुळात फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, हे खरे. पण दर वर्षी भरावा लागत असेल, तर गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय प्रमाणाबाहेर गॅस भरला तरी गारवा कमीच होतो. किती ग्रॅम भरायचा हे बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते आणि तो तेवढाच, वजन करून भरावा. गारवा कमी झाला तर आधी केबिन फिल्टर, समोरच्या जाळीमागील कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) साचलेला चिखल आणि त्याचा पंखा तपासून घ्यावा. फक्त सिग्नलला उभे असताना गारवा घटतो आणि गाडी धावू लागताच परत येतो, असे होत असेल, तर पहिला संशय त्या पंख्यावरच घ्यावा.

गॅसचा प्रकारही पाहावा. ओझोनच्या थराला घातक ठरलेला आर-१२ हा गॅस १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर मागे पडला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. तोही कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापमानवाढ घडवणारा मानला जात असल्याने युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत वापरता येत नाही. तेथे आर-१२३४वायएफ रूढ झाला आहे. हे दोन गॅस एकमेकांत मिसळून चालत नाहीत.

प्रश्न : रात्रीच्या प्रवासात एसी लावून गाडीतच झोपणे सुरक्षित आहे का?

इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. सायलेन्सरला छिद्र असेल किंवा धूर कोंडणाऱ्या जागी गाडी उभी असेल, तर तो आत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. आतली हवा फिरती ठेवल्याने संरक्षण मिळते, हा गैरसमज आहे.

प्रश्न : आवाज मोठा केला की स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. सिस्टीमच्या खोक्यावर ५० वॅटचे चार चॅनेल लिहिले आहेत. स्पीकर बदलू का?

आधी त्या आकड्याकडे पाहू. ‘५० वॅट’ ही क्षणिक कमाल ताकद असते. सलग मिळणारी ताकद आरएमएस या आकड्यात दिसते आणि ती बारीक अक्षरांत छापलेली असते. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो, आणि चार ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ स्वरूपात सैद्धान्तिकदृष्ट्याही २६ वॅटहून अधिक मिळू शकत नाहीत. प्रत्यक्षात १५ ते २० च मिळतात. बास (खालचे स्वर) आणि व्हॉल्यूम दोन्ही वाढवले की अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला ताकद देणारा भाग, या मर्यादेला टेकतो, ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आपण सांगता तसा फाटका आवाज येतो. हे सतत चालल्यास उंच स्वर वाजवणारा ट्विटर जळण्याचीही शक्यता असते.

म्हणून स्पीकर बदलण्यापूर्वी फोनमधील आणि सिस्टीममधील सर्व ‘बास बूस्ट’ बंद करा, बास व ट्रेबल शून्यावर आणा आणि मग ऐका. फोन ब्लूटूथने जोडला असेल, तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त गाडीच्या नॉबने करावे. फोनचा आवाज लहान ठेवून गाडीचा वाढवला, तर खरखरही तेवढीच वाढते. वायरने जोडला असेल, तर फोन पूर्णाच्या थोडा खाली ठेवावा. स्वर जुळवताना जे अति वाटते ते कमी करावे. जे कमी वाटते ते वाढवण्याचा मोह टाळावा. पुढच्या आणि मागच्या स्पीकरांचा तोल किंचित पुढे ठेवल्यास गाणे समोरून आल्यासारखे वाटते, आणि मागे झोपलेल्या मुलांनाही ते सोयीचे पडते.

एवढ्याने आवाज स्वच्छ झाला पण लहान वाटला, तर वेगळा अॅम्प्लिफायर लावण्याचा विचार करावा. त्याच्या मुख्य वायरला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. त्याशिवाय वायर ओढणाऱ्या कारागिराला परत पाठवावे. अॅम्प्लिफायर लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शीळ ऐकू आली, तर अर्थिंगची वायर रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर घट्ट बसली आहे का, आणि ध्वनीची वायर वीजवाहक वायरपासून दूर नेली आहे का, हे पाहावे.

मोठ्या आवाजाविषयी एक आकडा लक्षात ठेवावा. ८५ डेसिबल आवाज दिवसातून ८ तासांपर्यंत सहन करण्याजोगा धरला जातो, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती १ तासावर येते. शिवाय रुग्णवाहिकेचा सायरन काचा बंद असताना तसाही उशिरा ऐकू येतो. वेगानुसार आवाज आपोआप वाढवणारी सोय असेल तर ती किमान पातळीवर ठेवावी, आणि गाण्यांची यादी निघण्यापूर्वीच लावून घ्यावी, कारण ताशी ८० किलोमीटर वेगाने पडद्याकडे एक सेकंद पाहिले तरी गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते.

प्रश्न : इंजिन बंद ठेवून गाणी किती वेळ ऐकता येतील?

मूळ सिस्टीम मध्यम आवाजात चालवली तर चांगल्या बॅटरीवर तासभर सहसा अडचण येत नाही. वेगळा अॅम्प्लिफायर आणि सबवूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) असतील, तर बॅटरी कितीतरी लवकर उतरते. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. गाणी चालू असताना व्होल्टमीटर १२ च्या जवळ आला, की बंद करून इंजिन सुरू करावे. बॅटरी तीन-चार वर्षे जुनी असेल, तर तोवरही थांबू नये. एसीचा ब्लोअर मात्र इंजिन बंद असताना चालू ठेवू नये, कारण मोठ्या वेगावर तो मूळ म्युझिक सिस्टीमच्या कितीतरी पट वीज खातो, आणि कॉम्प्रेसर थांबलेला असल्याने गार हवाही येत नाही.